वेष्टनावरची खूण आणि तिच्यामागची नोंद

साबणाच्या वडीवर, चहाच्या पुड्यावर, पुस्तकाच्या मलपृष्ठावर दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांना आता पन्नास वर्षे उलटून गेली आहेत. ज्याला बारकोड म्हणतात त्या या रेघांच्या शेजारी, आणि काही ठिकाणी त्यांच्या जागीच, ठिपक्यांचा एक चौकोन दिसू लागला आहे. वस्तूंच्या क्रमांकांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या ‘जीएस१’ या संस्थेने २०२७ च्या अखेरपर्यंत जगभरच्या दुकानांतील गल्ल्यांवर हा चौकोन वाचता यावा, असे उद्दिष्ट ठेवले आहे. वरवर पाहता ही छपाईतील एक किरकोळ सुधारणा वाटते. रेघांऐवजी ठिपके आले, एवढाच तिचा अर्थ असता तर वृत्तपत्राने तिची दखल घेण्याचेही कारण नव्हते. परंतु या बदलाबरोबर वस्तूविषयी कोणी काय सांगावे आणि सांगितलेल्याची जबाबदारी कोणी घ्यावी, हा जुनाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहत आहे. त्याचे उत्तर शोधताना लहान उत्पादक आणि सामान्य ग्राहक हे दोघेही बाजूला पडण्याचा धोका आहे.

रेघा काय सांगतात?

या खुणेची कल्पना अमेरिकेतील नॉर्मन वुडलंड व बर्नार्ड सिल्व्हर या दोघांची. तारायंत्राच्या मोर्स लिपीतील ठिपके आणि रेघा खाली ओढून लांबवल्या तर यंत्राला वाचता येईल अशी लिपी तयार होईल, हे वुडलंड यांना सुचले. १९४९ साली त्यांनी एकस्वासाठी अर्ज केला आणि १९५२ साली एकस्व मिळाले. मात्र स्वस्त लेसर किरण आणि संगणक हाताशी येईपर्यंत ती कल्पना कागदावरच राहिली. पुढे आयबीएम कंपनीचे जॉर्ज लॉरर यांनी तिला आजचे रूप दिले आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावच्या एका दुकानात च्युइंग गमचे एक पाकीट या रेघांवरून मोजले गेले. किंमत होती ६७ सेंट.

या रेघांत दडलेले असते ते इतकेच: एक क्रमांक. भारतात आढळणाऱ्या बहुतेक वस्तूंवर तो तेरा अंकी असतो. पुस्तकाचा ९७८ ने सुरू होणारा क्रमांकही याच कुळातला. यांतील शेवटचा अंक पडताळणीचा असतो. डावीकडून पहिल्या बारा अंकांपैकी विषम स्थानांवरील अंक जसेच्या तसे आणि सम स्थानांवरील अंक तिप्पट करून बेरीज करावी. तिला दहाने नि:शेष भाग जाण्यासाठी जो अंक मिळवावा लागेल तोच तेरावा अंक. यंत्राने एखादा अंक चुकीचा वाचला तर ही बेरीज जुळत नाही आणि चूक जागच्या जागी उघडकीस येते. शाळेतील गणिताच्या तासाला वह्या-पुस्तकांवरच हा पडताळा सहज घेता येईल.

८९० या आरंभीच्या तीन अंकांविषयी मात्र एक गैरसमज रूढ आहे. हे अंक दिसले की वस्तू भारतात तयार झाली, असे मानले जाते. वास्तविक त्यांचा अर्थ एवढाच की, तो क्रमांक भारतातील जीएस१ संस्थेकडून घेतलेला आहे. माल कोठे बनला हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वेष्टनावरील मजकूरच वाचावा लागतो.

सामान्यनामाकडून विशेषनामाकडे

व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर जुन्या रेघा सामान्यनाम सांगतात. अमुक कंपनीच्या अर्धा किलो लोण्याच्या सगळ्या पुड्यांवर एकच क्रमांक असतो. काल तयार झालेला पुडा आणि मुदत संपलेला पुडा यांत गल्ल्यावरील यंत्राला काहीही भेद दिसत नाही. एखाद्या दिवशीच्या मालात दोष निघाला तर नेमका तोच माल दुकानातून काढून घेणे अवघड होते. मग सगळाच माल परत बोलवावा लागतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, काहीच परत बोलावले जात नाही.

ठिपक्यांचा चौकोन विशेषनाम सांगू शकतो. क्यूआर कोड या नावाने तो सर्वांना परिचित आहे. जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. रेघा आडव्या दिशेनेच वाचल्या जातात. ठिपके आडवे आणि उभे असे दोन्ही दिशांनी वाचले जात असल्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ मजकूर मावतो. एका चौकोनात सात हजारांहून अधिक अंक बसू शकतात, आणि पुरेशी तजवीज करून छापला तर त्याचा तीस टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. साहजिकच वस्तूच्या क्रमांकाबरोबर बॅच नंबर, मुदत, त्या एकाच पुड्याचा अनुक्रमांक आणि अधिक माहितीच्या संकेतस्थळाचा पत्ता हे सारे त्यात सामावते. मुदत संपलेला पुडा गल्ल्यावरच अडवता येतो. दोषी मालाचा माग नेमका काढता येतो. हा लाभ मोठा आहे यात शंका नाही.

औषधांचा धडा

परंतु खूण बदलली म्हणजे विश्वास निर्माण झाला, असे नव्हे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये औषधविषयक नियमांत दुरुस्ती केली आणि मोठ्या खपाच्या तीनशे औषधांच्या वेष्टनांवर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला. औषधाचे मूळ नाव व व्यापारी नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची व मुदतीची तारीख, परवान्याचा क्रमांक इत्यादी माहिती त्यात असावी, असे बंधन घातले. हे पाऊल स्वागतार्हच होते. तथापि या यादीत प्रत्येक वेष्टनाचा स्वतंत्र अनुक्रमांक नाही. म्हणजे एका बॅचच्या सगळ्या डब्यांवर एकच चौकोन असू शकतो. नकली औषध बनवणारा ज्याप्रमाणे नाव आणि रंग उचलतो, त्याचप्रमाणे तो चौकोनही उचलू शकतो, आणि ग्राहकाच्या फोनवर सगळी माहिती ‘खरी’ दिसते.

युरोपीय संघाने ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांसाठी वेगळी रीत लागू केली. तेथे प्रत्येक डबीला स्वतःचा अनुक्रमांक असतो आणि औषध देताना दुकानदार तो मध्यवर्ती नोंदीशी ताडून रद्द करतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर लगेच संशय उत्पन्न होतो. दोन्हीकडे ठिपक्यांची खूण आहे. फरक आहे तो तिच्यामागे उभ्या असलेल्या नोंदीचा.

द्राक्षबागेतील अनुभव

नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांना ही गोष्ट नव्याने सांगावी लागणार नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या सरकारी संस्थेने ‘ग्रेपनेट’ नावाची नोंदव्यवस्था उभी केली. बागेची नोंदणी, फवारण्या, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस अशी साखळी तीत बांधलेली आहे. परदेशातील पेटीवरून माग काढीत मागे बागेपर्यंत पोहोचता यावे, हा तिचा हेतू. लहान शेतकरीही अशी शिस्त पाळू शकतो, हे या व्यवस्थेने सिद्ध केले.

तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि निर्यातदार व बागायतदार यांना मोठा फटका बसला. ज्या रसायनांची तपासणी करावयाची त्यांच्या यादीत हे द्रव्य तेव्हा नव्हतेच. नोंद होती, कागद होते, क्रमांक होते, पण नेमका हाच प्रश्न नोंदीत विचारलेला नव्हता. नोंदवही जेवढे विचारते तेवढेच सांगते, हे त्या हंगामाने दाखवून दिले.

आता हीच अपेक्षा इतर मालाकडूनही केली जाऊ लागली आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या आणि मोठ्या औद्योगिक बॅटरींना १८ फेब्रुवारी २०२७ पासून ‘डिजिटल पासपोर्ट’ लागणार आहे, आणि त्याचे दार म्हणजे हाच चौकोन. जुलै २०२४ मध्ये अमलात आलेल्या दुसऱ्या कायद्याने अशा पासपोर्टचा मार्ग इतर वस्तूंसाठी मोकळा केला. त्यात कापड व तयार कपडे यांना प्राधान्य देण्यात आले आहे. सोलापूरचे टॉवेल परदेशी पाठवणाऱ्यांनी सूत कोठले, रंग कोणता, याची नोंद आजच ठेवू लागणे शहाणपणाचे ठरेल.

लहान उत्पादकाने काय करावे?

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतात. प्रश्न आहे तो मसाले, पापड, लोणची करणाऱ्या बचत गटांचा, काजू-आमसुले विकणाऱ्या कोकणातील उद्योगांचा आणि एका गाळ्यात चालणाऱ्या कारखान्यांचा. त्यांच्यासाठी पहिला नियम असा की, क्रमांक अधिकृत संस्थेकडूनच आणि स्वतःच्या नावाने घ्यावा. कोणाचे तरी जुने क्रमांक सुटे करून स्वस्तात विकणारे मध्यस्थ आढळतात. असा क्रमांक मोठ्या दुकानात गेला की तो दुसऱ्याच्याच नावावर निघण्याचा संभव असतो. दुसरे असे की, शंभर ग्रॅमच्या पुडीला आणि पाव किलोच्या पुड्याला वेगवेगळे क्रमांक हवेत.

तिसरी बाब छपाईची. गडद खूण फिकट पार्श्वभूमीवर असावी आणि तिच्याभोवती मोकळी जागा सोडावी. पिशवीच्या जोडावर किंवा चुण्या पडणाऱ्या भागावर ती छापू नये. लाल शाईत रेघा मुळीच छापू नयेत, कारण यंत्राचा प्रकाशही लालच असल्याने त्याला त्या दिसत नाहीत. रेघा वाचणारी जुनी लेसर यंत्रे ठिपके वाचू शकत नाहीत, त्यासाठी कॅमेऱ्याचे यंत्र लागते. म्हणून संक्रमणाच्या काळात दोन्ही खुणा वेष्टनावर ठेवाव्यात. दुकानदारानेही चालू यंत्र घाईने भंगारात काढू नये. नवे घेण्याची वेळ येईल तेव्हा दोन्ही खुणा वाचणारे घ्यावे, आणि बिलाची संगणकप्रणाली मुदत व बॅच नोंदवू शकते की नाही, हे आधी विचारावे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदवही. कोणत्या दिवशी कोणत्या पोत्यातील मिरची कुटली आणि तो माल कोणाला दिला, हे साध्या वहीत जरी लिहिलेले असेल तरी पुढे त्याचा चौकोन करता येतो. जे वहीतच नाही ते चौकोनात कोठून येणार? शिवाय चौकोनात संकेतस्थळाचा पत्ता घातला तर माल ग्राहकाच्या घरात असेपर्यंत तो पत्ता चालू ठेवण्याचे दायित्वही येते. बंद पडलेल्या पत्त्याकडे नेणारी खूण ही बंद दारावरच्या पाटीसारखी होय.

अक्षर पुसले जाऊ नये

या सर्व घाईत ग्राहकाच्या एका हक्कावर कोणी हात ठेवू नये. १९७० च्या दशकात रेघा आल्या तेव्हा अमेरिकेतील दुकानांनी प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिणे सोडून देण्याचा विचार केला होता. ग्राहक संघटनांनी त्यास विरोध केला आणि काही राज्यांनी वस्तूवर किंमत लिहिण्याची सक्ती करणारे कायदे केले. त्या वादाचे मर्म आजही शिळे झालेले नाही. भारतात जुलै २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या वेष्टनांवरील काही माहिती छापण्याऐवजी क्यूआर कोडमध्ये देण्याची मुभा एका वर्षासाठी देण्यात आली. किंमत मात्र त्यातून वगळलेली होती. यंत्राच्या वेष्टनापुरती अशी सवलत समजण्यासारखी आहे. पण उद्या ‘जागा पुरत नाही’ ही सबब पुढे करून मुदतीची तारीख किंवा घटकद्रव्ये चौकोनात लोटली गेली, तर ज्याच्याजवळ साधा फोन आहे, ज्याच्या गावात संपर्काची रेंज नाही, ज्या वृद्धेला पडद्यावरचे वाचता येत नाही, त्या सर्वांच्या दृष्टीने ती माहिती नाहीशीच झाली.

२०१६ पासून यूपीआयच्या द्वारे पैसे देण्याची सोय झाली आणि भाजीच्या गाडीवरही चौकोन लटकू लागला, त्यामुळे लोकांना त्याची भीती उरलेली नाही, हे खरे. पण भीती नसणे आणि समज असणे या भिन्न गोष्टी आहेत. दुकानदाराच्या खऱ्या चौकोनावर दुसरा चिकटवून पैसे लाटण्याचे प्रकार घडलेले आहेत. जे पैशाच्या बाबतीत घडते ते मालाच्या बाबतीत घडणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. शासनाने चौकोन जरूर सक्तीचा करावा, पण किंमत, मुदत, घटकद्रव्ये आणि उत्पादकाचा पत्ता सुवाच्य अक्षरांत छापण्याचे बंधन तसूभरही सैल करू नये. ही माहिती मराठीतही असावी, ही मागणीही वाजवी आहे. त्याबरोबरच लहान उत्पादकांना क्रमांक घेण्यास आणि नोंदी ठेवण्यास जिल्हा उद्योग केंद्रांनी मदत केली पाहिजे, नाही तर ही खूण मोठ्यांच्या बाजारपेठेभोवतीचे कुंपण होऊन बसेल.

रेघा जातील, ठिपके येतील आणि पुढे कधी तरी ठिपकेही जातील. खूण कोणतीही असो, तिच्यामागे खरी नोंद आहे काय आणि ती सामान्य माणसाला वाचता येते काय, हे दोन प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारावे लागतील.