टंकलेखनातील स्पर्शबोध आणि देवनागरी अक्षर

‘बार्शी’ हे नाव उच्चारताना पाच वर्ण कानी पडतात : ब्, आ, र्, श् आणि ई. लिहिताना त्यांची अक्षरे दोनच होतात : बा आणि र्शी. तेच नाव यंत्रावर टंकित करावयाचे झाल्यास मात्र बोटांना सहा आघात करावे लागतात. वर्ण, अक्षर आणि आघात या तिहींची संख्या परस्परांशी जुळत नाही, ही देवनागरी टंकलेखनातील मूलभूत वस्तुस्थिती होय. कळ दाबताना बोटाला येणाऱ्या प्रत्ययाचा विचार आजवर बहुधा इंग्रजी लेखनाच्या अनुषंगानेच झालेला आहे. मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्या प्रत्ययाचे कार्य काहीसे निराळे आहे; ते कोणते, हे येथे पाहावयाचे आहे.

बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी न्यायालय व तहसील कचेरी यांच्या कामकाजाने टंकलेखनास दीर्घकाळ आश्रय दिला. गोदरेज कंपनीने 1955 मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले व 2009 मध्ये त्याचे उत्पादन थांबविले. या यंत्रात कागदावर उमटणाऱ्या ठशाला लागणारे सर्व बळ बोटच पुरवीत असे. कळ दाबली की तरफांच्या योगे ठशाची दांडी उसळे, रिबनवर आदळे आणि कॅरेज एक घर डावीकडे सरके. आघात पुरा झाला की नाही हे बोटाला, कानाला आणि डोळ्याला एकाच क्षणी कळत असे.

देवनागरी यंत्रात याहून एक सूक्ष्म भेद होता. अनुस्वार, मात्रा, उकार, रफार यांच्या कळा दाबल्या असता ठसा आधीच्या अक्षराच्या वर वा खाली उमटे, परंतु कॅरेज जागचे हलत नसे. अभ्यस्त टंकलेखकाला हा फरक हाताखालीच जाणवे. अक्षराचा कणा उभा करणारा आघात कोणता आणि त्यावर चिन्ह चढविणारा आघात कोणता, हा लिपीतील भेद यंत्राच्या हालचालीतच उतरलेला होता. रेमिंग्टन पद्धतीच्या मांडणीत ‘बार्शी’चे आघात ब, काना, अर्धा श्, पुन्हा काना, दीर्घ वेलांटी आणि रफार या क्रमाने होतात. उच्चारात श् च्या आधी येणारा र् येथे सर्वांच्या शेवटी येतो, कारण ही मांडणी कानाचा नव्हे, तर डोळ्याचा क्रम पाळते.

संगणकासाठी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये सिद्ध केलेली व पुढे भारतीय मानक 13194 : 1991 मध्ये अंतर्भूत झालेली इनस्क्रिप्ट मांडणी याउलट उच्चाराचा क्रम पाळते. तीत स्वरचिन्हे व हलन्त चिन्ह डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात. येथेही ‘बार्शी’चे आघात सहाच : ब, काना, र, हलन्त, शिफ्टसह श, दीर्घ वेलांटी. विशेष हा की ते उजवा, डावा, उजवा, डावा असे आळीपाळीने पडतात. मराठी शब्दाची स्वर-व्यंजनांची घडण हातांच्या लयीत प्रतिबिंबित होते, असे म्हणता येईल.

तथापि या मांडणीत एक धोका दडलेला आहे. ‘कर्ता’ हा शब्द लिहिताना हलन्ताची कळ अर्धवट दाबली गेली, तर पडद्यावर ‘करता’ असे उमटते. रेमिंग्टन मांडणीत रफार राहून गेल्यास ‘कता’ असा निरर्थक शब्द दिसतो व चूक तत्काळ ध्यानी येते. इनस्क्रिप्टमध्ये चुकीचा शब्दही शुद्ध आणि सार्थ असतो. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेच्या दाव्यात ‘कर्ता’ ही कायद्याची संज्ञा आहे. तेथे ‘करता’ उमटल्यास शुद्धलेखन तपासणारी संगणकीय व्यवस्थाही ती चूक सहसा पकडणार नाही. जी चूक डोळ्याला दिसत नाही, ती बोटालाच कळली पाहिजे.

म्हणूनच कळेखालील स्विचचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. सर्वसाधारण स्वस्त कळफलकात कळेखाली रबराचा लहानसा घुमट असतो. दाब वाढला की तो एकाएकी खचतो. विद्युत्संपर्क मात्र त्यानंतर, कळ जवळजवळ तळाशी पोहोचल्यावर होतो. घुमट जुना झाला की खचल्याची जाणीव होते, पण अक्षर उमटतेच असे नाही. बोटाला मिळणारी ही ग्वाही काही वेळा खोटी ठरते.

प्रत्येक कळेखाली स्वतंत्र कमान असलेल्या यांत्रिक स्विचांचे तीन मुख्य प्रकार आहेत. जर्मनीतील चेरी कंपनीच्या प्रसिद्ध स्विचांत कळ सुमारे 4 मिलिमीटर खाली जाते आणि संपर्क सुमारे 2 मिलिमीटरवर होतो. त्यासाठी 45 ते 60 ग्रॅमच्या आसपास दाब पुरतो. लाल स्विचमध्ये अडथळा मुळीच नसतो; कमान सरळ दबत जाते व संपर्काचा क्षण बोटाला कळत नाही. तपकिरी स्विचमध्ये त्या क्षणाच्या सुमारास हलकासा उंचवटा जाणवतो. निळ्या स्विचमध्ये त्या उंचवट्याबरोबर टिचकीसारखा ध्वनीही होतो. मात्र निळी कळ पुन्हा सज्ज होण्यासाठी संपर्काच्या बिंदूहून बरीच वर यावी लागते. त्यामुळे तीच कळ लागोपाठ दाबणे थोडे कष्टाचे होते. इंग्रजीत द्वित्त अक्षरांमुळे हा दोष वारंवार नडतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘चिक्कू’सारख्या शब्दातील दोन क च्या मध्ये हलन्ताचा आघात येत असल्याने मराठी लेखनात तो तितकासा बाधत नाही. निळ्या स्विचची खरी अडचण निराळीच आहे : एका दालनात वीसपंचवीस जण एकाच वेळी टंकलेखन करू लागले, की तो ध्वनी असह्य होतो.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मराठी टंकलेखन परीक्षा मिनिटाला 30 व 40 शब्द या गतींच्या असतात. 2010 नंतरच्या दशकात त्या यंत्रावरून संगणकावर आल्या. जुन्या यंत्रावर घडलेला हात संगणकाच्या कळेवरही पूर्वीच्याच बळाने आघात करतो. एवढ्या बळाची आता गरज नसते. कळ तळावर आदळते आणि बोटांचे सांधे मात्र शिणतात. केवळ ‘हलक्या हाताने लिहा’ असे सांगून ही सवय सुटत नाही, कारण आघात कोठे पुरा झाला हे बोटाला कोणीतरी सांगावे लागते. पूर्वी ते काम कॅरेज करीत असे. आता ते स्विचने करावयाचे आहे.

सारांश, मराठी टंकलेखकाला वेगापेक्षाही अधिक गरज आहे ती निश्चितीची, आणि ती निश्चिती प्रत्येक आघातामागे हवी, कारण एक अक्षर अनेक आघातांनी घडते. या दृष्टीने सामूहिक वर्गासाठी व कचेरीसाठी तपकिरी प्रकारचा, म्हणजे उंचवटा असलेला पण टिचकी न देणारा स्विच अधिक योग्य ठरतो. एकट्याने काम करणाऱ्यास निळा स्विचही चालेल. जुन्या यंत्रातील अचल कळांचा भेद मात्र यांपैकी कोणत्याही स्विचमध्ये उरलेला नाही. सर्व कळा बोटाला सारख्याच लागतात. हलन्ताच्या एका कळेखाली इतरांहून किंचित भारी कमान बसविली, तर तो भेद अंशतः परत मिळू शकेल. ज्या कळफलकांचे स्विच सुटे काढता येतात, त्यांवर हा प्रयोग कोणालाही करून पाहता येण्याजोगा आहे.