कपाट, आलमारी आणि साइडबोर्ड

घरातील सामानसुमानाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. किल्ल्याचा बुरूज ढासळला तर आपण हळहळतो. आजोबांची आलमारी मात्र निमूटपणे मोडीत काढतो. वस्तुतः एखादे कुटुंब कसे जेवत होते, काय झाकत होते आणि पाहुण्यास काय दाखवीत होते, हे त्या आलमारीवरूनच कळते.

प्रथम शब्दच पाहू. संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दार. उलट इंग्रजीतील ‘कपबोर्ड’ म्हणजे मुळात पेले मांडण्याची उघडी फळी. विदर्भात रूढ असलेली ‘आलमारी’ पोर्तुगीजांकडून आली. म्हणजे आपल्या शब्दाचा रोख झाकण्यावर, इंग्रजी शब्दाचा मांडण्यावर. साइडबोर्डाने हे दोन्ही हेतू एकत्र आणले. त्याची मोहिनी टिकण्याचे कारण, आमच्या मते, हेच.

मध्ययुगीन युरोपात सरदारांच्या भोजनगृहात भिंतीशी फळ्या लावून त्यांवर चांदीची भांडी मांडीत. अठराव्या शतकात इंग्लंडमधील रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकाराने वाढपाच्या टेबलाच्या दोन्ही अंगांस कपाटवजा खांब बसविले. पुढे हे सारे एकजीव झाले : वर वाढण्याची सपाटी, खाली खण आणि दारे. जॉर्ज हेपलव्हाइट या कारागिराच्या पश्चात त्याच्या पत्नीने १७८८ साली छापलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात असे साइडबोर्ड आढळतात.

आपल्याकडे ही वस्तू का घडली नाही? पंगत जमिनीवर बसे आणि वाढणारा वाकून वाढी. कमरेइतक्या उंच सपाटीचे तेथे कामच नव्हते. म्हणून आपली व्यवस्था दोन ठिकाणी विभागली गेली. लोणच्याच्या बरण्या फडताळात, दाराआड. घासूनपुसून लखलखीत केलेली तांब्यापितळेची भांडी मांडणीवर, चारचौघांना दिसतील अशी. त्यांवर कोरलेली नावे म्हणजे घराची वंशावळच! पुढे जेवणाचे टेबल घरात आले आणि त्याच्या मागोमाग साइडबोर्डही आला.

ढाणकीकरांना या विषयाचे अगत्य असावे. उमरखेड तालुक्यातील हा पैनगंगेकडचा मुलूख सागवानाचा. सागात मुळातच तेलकट द्रव्य असते. त्यामुळे वाळवी आणि ओल त्यास सहसा बाधत नाहीत. सागाची वस्तू तीन पिढ्या सहज टिकते. टिकत नाही ती आपली आस्था. घर पाडताना दारे आणि आलमाऱ्या भंगाराच्या भावाने जातात, आणि तशाच वस्तू शहरात पॉलिश होऊन चढ्या किमतीस विकल्या जातात.

जुने ते सारेच जपावे, असे आमचे म्हणणे नाही. घरे लहान झाली आहेत. साइडबोर्डावर आता टीव्ही बसला आहे, आणि त्यात वाईट काही नाही. काम बदलले म्हणूनच ती वस्तू जगली. मात्र आलमारी विकण्यापूर्वी ती कोणी, कोणत्या सुताराकडून करविली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. लाकूड पुन्हा मिळेल. सांगणारे माणूस मिळणार नाही.