हातोडी-मुशीचे विरळ होत चाललेले कळप

निसर्गातील ज्या अवयवाला आपण विद्रूप म्हणून हिणवतो, त्यामागे पुष्कळदा सूक्ष्म प्रयोजन दडलेले असते. हातोड्याच्या आकाराचे डोके असलेली मुशी हे त्याचे ठळक उदाहरण होय. शास्त्रज्ञ जिला 'स्फिर्ना लेविनी' म्हणतात, त्या जातीच्या मस्तकाची पुढली कड खाचांची असते आणि दोन्ही टोकांना एकेक डोळा असतो. डोळे एवढे दूर असताना समोरचे दिसणार कसे, ही शंका दीर्घकाळ घेतली जात होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी ती फेडली. या मुशीच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टिक्षेत्रे समोर सुमारे ३२ अंश एकमेकांवर येतात. नेहमीच्या तोंडवळ्याच्या मुशींत हेच प्रमाण १० अंशांच्या आसपास आढळले. शिवाय, रुंद मस्तकावरील असंख्य छिद्रांतून वाळूत दडलेल्या भक्ष्याची क्षीण विद्युत्स्पंदनेही तिला जाणवतात.

तिचे वर्तन तर याहून विस्मयकारक आहे. मेक्सिकोजवळील कॅलिफोर्नियाच्या आखातात पाण्याखालच्या एका डोंगराभोवती या मुशी दिवसा मोठ्या कळपाने फिरताना अभ्यासकांनी पाहिल्या. कळपात माद्यांचे प्राबल्य, आणि थोराड माद्या मध्यभागी. रात्री त्या भक्ष्यासाठी दूरवर पांगतात व पुन्हा त्याच ठिकाणी परततात. सागरतळाच्या चुंबकीय खुणा त्यांना वाट दाखवीत असाव्यात, असे पीटर क्लिमली यांनी १९९३ साली मांडले. हवाईजवळ खोल, थंड पाण्यात बुडी मारताना ही मुशी शरीराची ऊब टिकविण्यासाठी कल्ले मिटून जणू श्वास रोखते, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

परंतु जे गुण सागरात तिच्या उपयोगी पडले, तेच माणसापुढे तिच्या मुळावर आले आहेत. ठरलेल्या जागी जमणारा कळप एका खेपेत जाळ्यात सापडतो. परांच्या सूपासाठी तिचे पर मोलाने विकले जातात. ती पिलांना जन्म देते आणि गर्भ महिनोन्‌महिने पोटात वाढतो. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून येत नाही. तीन पिढ्यांच्या काळात जगातील तिची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटल्याच्या अंदाजावरून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१९ साली तिला अतिसंकटग्रस्त ठरविले.

कायदा स्वस्थ बसलेला नाही. २०१३ च्या बँकॉक परिषदेत तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. भारताने २०१५ साली मुशीच्या परांची निर्यातच बंद केली. तथापि निर्यातबंदीचा अंमल बंदरावर सुरू होतो, मृत्यू मात्र त्याआधीच जाळ्यात घडलेला असतो. कोकणच्या किनाऱ्यावर या जातीची पिले इतर मासळीबरोबर ओढली जातात. तेथे हेतू परांचा नसतो, चरितार्थाचा असतो. अडकलेली मुशी परत सोडावी, हा उपदेशही अपुरा आहे. कारण पोहणे थांबताच ती गुदमरू लागते आणि जाळे वर येईपर्यंत बहुधा गतप्राण झालेली असते.

तेव्हा खरा उपाय तिला जाळ्यात येऊ न देणे हाच आहे. पिले उथळ पाण्यात नेमकी कोठे व कोणत्या महिन्यांत वाढतात, हे कोळ्यांइतके दुसरे कोण जाणणार? त्यांना विचारून तेवढ्या जागी, तेवढ्या काळापुरती जाळी आवरावीत आणि बुडालेल्या कमाईची भरपाई सरकारने द्यावी. पावसाळी मासेमारीबंदीमुळे कालमर्यादित संयम किनाऱ्याला अपरिचित नाही. भरपाईविना लादलेली बंदी मात्र कागदावरच राहील, आणि कळप विरळ होतच जातील.