साध्या भिंगातून मृगाचा तेजोमेघ

हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, ते ११ इंची दुर्बिणीतून. आज शाळेतील साध्या कॅमेऱ्यासही हे साधते. जानेवारीच्या रात्री ५० मिलिमीटरचे भिंग पूर्ण उघडून कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा व व्याधाच्या ताऱ्यावर नेम धरून चित्र सुस्पष्ट करून घ्यावे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्यामुळे आठ-दहा सेकंदांहून अधिक वेळ झडप उघडी ठेवल्यास तारे रेघांसारखे उमटतात. अशी पन्नासेक चित्रे संगणकावर जुळवून एकत्र केली, की बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस मेघ उमलतो. त्याची लाली फिकी येते, कारण कॅमेऱ्यातील गाळणी हायड्रोजनचा तांबडा प्रकाश बराचसा अडविते. खरा अडसर मात्र गावच्या दिव्यांचा. पंचायतीने पथदिव्यांवर झाकणे बसविल्यास उजेड रस्त्यावरच पडेल आणि आकाश काळे राहील.