लिंबू आणि नळाची जाळी

मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईने ग्रासलेल्या बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने वाहन धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरला. निवासी संकुले, उपाहारगृहे आदी ठिकाणच्या सार्वजनिक नळांना पाणी वाचविणारी जाळी, म्हणजेच एरेटर, सक्तीचा झाला. मात्र कूपनलिकेच्या पाण्यातील क्षारांनी ही जाळी तुंबते, धार बारीक होते आणि कंटाळून ती काढूनच ठेवली जाते. मग बचत कसली?

वास्तविक उपाय घरातच आहे. वाटीभर कोमट पाण्यात लिंबू पिळून जाळी तासभर बुडवावी. लिंबातील आम्लाने क्षारांचा थर सुटतो. मग जुन्या टूथब्रशने घासावी. उरलेली साल नळावरील पांढऱ्या डागांवर चोळावी. ओटा मात्र जपावा! कडप्पा आणि संगमरवर हे चुन्याचेच दगड. त्यांची चकाकीही लिंबू घालवितो.