शिष्यत्वाचे मोल कोण भरतो?

ख्रिस्ताच्या आज्ञा पाळणे महाग पडू लागले म्हणजे विश्वासात टिकावे कसे, हा प्रश्न मंडळीतून वारंवार पुढे येतो. आमच्या बुऱ्हाणपुरात तो अगदी साध्या रूपात येतो. यंत्रमागावर जितके काम तितकी मजुरी मिळवणारा मनुष्य रविवारी उपासनेस आला, तर त्याची तेवढी मजुरी बुडते. नव्याने विश्वासात आलेल्याशी भाऊबंद बोलेनासे होतात. मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबतात. अशा वेळी आपण पाळक व उपदेशक बहुधा 'धीर धरा' एवढेच सांगतो. या शब्दाचा अर्थ आपणांस तरी पुरता उमगला आहे काय?

नव्या करारात धीरासाठी वारंवार येणारा ग्रीक शब्द 'हुपोमोने' हा होय. 'हुपो' म्हणजे खाली आणि 'मेनो' म्हणजे राहणे. ओझ्याखाली टिकून राहणे, हा त्याचा मूळ भाव. योहानाच्या १५ व्या अध्यायात फाट्याने वेलात राहावे असे प्रभू सांगतो, तेथेही 'मेनो' हेच क्रियापद आहे. फाटा स्वतःच्या बळावर टिकत नाही. वेलाचा रस त्याला टिकवतो. तेव्हा धीर म्हणजे दातओठ खाऊन एकट्याने सोसणे नव्हे.

इब्री लोकांस पत्राच्या १० व्या अध्यायात हेच दिसते. त्या वाचकांनी लोकांदेखत अपमान सोसला होता, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती. त्यांना धीराची गरज आहे असे लेखक म्हणतो खरे; परंतु त्याआधीच तो त्यांना एकमेकांकडे लक्ष देण्यास आणि एकत्र मिळणे न सोडण्यास सांगतो. धीर हा मंडळीने मिळून धरावयाचा असतो.

शिवाय शिष्यत्वाचे मोल शिष्य एकटाच भरतो असेही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा होता. पण नवरा जिवंत असून विरह आणि लोकांची बोलणी वाट्यास आली ती लक्ष्मीबाईंच्या. ती वर्षे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात मनमोकळेपणाने सांगितली आहेत. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे सुटले नव्हते. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे हे त्यांचे त्यांनाच पटले, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा धीर बाप्तिस्म्याच्या एका दिवसात दिसतो, त्याहून अधिक या वाट पाहण्यात दिसतो. आणि लक्ष्मीबाईंचा धीर तर, जो विश्वास अद्याप त्यांचा नव्हता, त्याचे मोल भरण्यात होता. आपल्या प्रवचनांत पहिल्याचा गौरव होतो. दुसरीची आठवण क्वचितच होते.

लूकच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी खर्चाचा हिशेब करावा असे प्रभू सांगतो. त्या हिशेबात घरच्या माणसांचा वाटाही धरला पाहिजे. बाप्तिस्म्याच्या तयारीत केवळ उमेदवाराची परीक्षा घेऊन भागणार नाही. त्याची पत्नी, आईबाप, मुले यांवर काय ओढवेल, हे त्याच्याशी मोकळेपणाने बोलावे. विश्वासात न आलेल्या घरच्यांशी येणेजाणे ठेवावे, व त्यांची घाई करू नये.

मार्काच्या १० व्या अध्यायात, जो घर व आप्त सोडतो त्याला याच काळी, छळासह, घरे आणि भाऊबहिणी शंभरपटीने मिळतील असे अभिवचन आहे. ही घरे कोठून यावयाची? ती आपलीच आहेत. ज्याची मजुरी बुडाली त्याच्या घरी त्या संध्याकाळी चूल पेटली काय, ज्याला भाऊबंदांनी टाकले त्याला सणाच्या दिवशी कोणी पंगतीस बोलावले काय, हे मंडळीने विचारले नाही, तर 'धीर धरा' हा आपला उपदेश पोकळ ठरतो. ज्याचे दार त्याच्यासाठी उघडे आहे, त्याच्याच तोंडी तो शब्द शोभतो.