टाचणी, दशा आणि जलपर्णी

उन्हाळा लागला की पवना, इंद्रायणी, पंचगंगेतल्या जलपर्णीच्या बातम्या सुरू होतात. किती टन काढली, किती उरली. त्या हिरव्या थरावरचं जांभळं फूल खुडून आत मात्र कुणी डोकावत नाही. त्यात डोकावण्याआधी डार्विनच्या बागेत जाऊन यायला हवं.

इंग्लंडातल्या काउस्लिप या रानफुलाचे दोन नमुने असतात. एकात नळीच्या तोंडाशी कुक्षीचा, म्हणजे पराग झेलणाऱ्या मादी टोकाचा, गोल ठिपका दिसतो, टाचणीच्या डोक्यासारखा. परागकोश खाली नळीत दडलेले. दुसऱ्यात परागकोशांचा झुपका वर, कापडाच्या सुटलेल्या दशांसारखा, आणि कुक्षी खाली. तिथल्या बागवानांनी नावंही अशीच पाडली होती: टाचणी आणि दशा. एका झाडावर एकच नमुना. अभ्यासक हा फरक किरकोळ मानत, आधी डार्विनही.

मग त्याला वाटलं, टाचणीची कुक्षी उंच, परागकण बारीक, म्हणजे ही झाडं हळूहळू मादी होत असणार आणि बी जास्त धरणार. 1860 मध्ये त्याने झाडांवर खुणा केल्या, बी गोळा करून तोललं. निघालं उलटंच! दशावाल्यांचं बी जास्त भरलं. या साऱ्या हकिकतीतला मला सर्वांत प्रिय क्षण हाच. लाडका अंदाज कोसळला, म्हणूनच त्याने हाताने परागण करून पाहिलं. टाचणीचे पराग दशेला आणि दशेचे टाचणीला दिले की बी भरघोस. आपल्याच नमुन्याचे दिले की कमी. एका फुलात कीटकाच्या सोंडेला जिथे पराग चिकटतात, नेमकी तीच जागा दुसऱ्या नमुन्याच्या कुक्षीला टेकते. दशेचे परागकण तर टाचणीच्या सुमारे दीडपट व्यासाचे. 1862 मध्ये हा निबंध छापून आला. या फुलांचा अर्थ लागल्याइतका आनंद दुसऱ्या कुठल्याच शोधाने दिला नाही, असं डार्विनने आत्मचरित्रात नोंदवलं आहे.

पुढे लिथ्रम या झाडात त्याला तीन नमुने भेटले. कुक्षी लांब, मधली किंवा आखूड, आणि प्रत्येक फुलात उरलेल्या दोन उंचींवर पुंकेसर. सर्वांत लांब पुंकेसरांचे पराग हिरवे, बाकीचे पिवळे. संकराच्या 18 जोड्या शक्य होत्या. पठ्ठ्याने अठराही करून पाहिल्या. पूर्ण फळल्या त्या पुंकेसर आणि कुक्षी समान उंचीवर असलेल्या सहाच.

इथे फ्रिट्झ म्युलरचं नाव घ्यायलाच हवं. दक्षिण ब्राझीलमध्ये राहणाऱ्या या जर्मन निसर्गअभ्यासकाने जलपर्णीच्या कुळातही असे तीन नमुने हेरले आणि डार्विनला कळवले. डार्विनच्या 1877 च्या पुस्तकात त्याची निरीक्षणं आहेत, पण आज त्याला ओळखतं कोण?

जलपर्णीतही हे तिन्ही नमुने आहेत. पण माणसाने शोभेसाठी दक्षिण अमेरिकेतून जगभर नेली ती मूठभर रोपं. त्यामुळे दक्षिण अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी मधल्या कुक्षीचीच जलपर्णी आढळते, क्वचित लांब कुक्षीची. आखूड कुक्षीची आढळलेली नाही. जोडीदार नसला तरी जलपर्णीचं अडत नाही. धावत्या खोडांनी ती तळी व्यापते, स्वतःच्या परागांवर बीही धरते, आणि ते बी चिखलात वर्षानुवर्षं तग धरतं.

या मोसमात नदीकाठी गेलात तर एक फूल उभं चिरून बघा. कुक्षी बहुधा दोन उंचींच्या परागकोशांच्या मधोमध दिसेल. ती दोन्हींच्या खाली दिसली, तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाला त्याच दिवशी कळवा.